फौजेला खोटा माल देणाऱ्याला आपल्याकडे जाब कोण विचारतं?

अंबडची_मशिनवाली
शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी. पण हा विषय खूप दिवस डोक्यातून जात नाहीये. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे. दोन सीएनसी, एक जुनी लेथ, ग्राइंडर, बँडसॉ आणि सात माणसं. मोठ्या कारखान्यांना माल पुरवणारे जे व्हेंडर असतात त्यांचं जॉबवर्क आम्ही करतो. माल त्यांचा, ड्रॉइंग त्यांचं, मजुरी आमची. ड्रॉइंगवर मूळ गिऱ्हाइकाचं नाव बहुतेक वेळा पट्टी लावून झाकलेलं असतं.

२०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूर झालं त्याच पंधरवड्यात, एका व्हेंडरकडून पिनांचं काम आलं. साडेतीनशे नग. "डिफेन्सचं आहे, अर्जंट आहे, चार दिवसांत पाहिजे." आमच्या पोरांनी आपणहून रात्रपाळी लावली, ओव्हरटाइमचं नाव कुणी काढलं नाही. टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं. आपल्या हातचं काहीतरी तिकडे जातंय, एवढ्यावर सगळे उभे होते.

ड्रॉइंगवर मटेरियल ईएन-२४, म्हणजे महागातलं मिश्र पोलाद, सोबत टीसी. जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगते, टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. पोलाद कोणत्या ओतणीतलं, कार्बन किती, निकेल किती, सगळं त्यावर असतं आणि तोच हीट नंबर दांड्यावर पंच केलेला असतो. पहिली पिन ग्राइंडरला लागली आणि आमचे फिटरकाका थांबले. तीस वर्षं ठिणग्या बघितलेला माणूस. म्हणाले, "ताई, ही चोवीस नाही. ठिणगी फार फुटतेय."

मी म्हटलं बघू तरी. एक पिन हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) करून आणली, बँडसॉवर मधोमध कापली, कापलेला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला आणि रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशिनवर, लावला. कडेला आकडा पंचेचाळीसच्या आसपास. मध्यावर तीसही नाही. पंचवीस मिलिमीटरचा दांडा खरोखर ईएन-२४ असता तर कडेपासून मध्यापर्यंत आकडा जवळजवळ सारखा आला असता. हा साधा ईएन-८ होता, वरून कडक आणि आत मऊ. किमतीत मोठा फरक, कारण चोवीसमध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतं. मग टीसी नीट बघितली. झेरॉक्सची झेरॉक्स, आणि हीट नंबरचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा वेगळ्या टायपातले.

व्हेंडरला फोन लावला. त्यानं जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते: "ताई, लढाई चालू आहे, माल अडवू नका. तुमच्या फाइलला टीसी लागली ना? मग तुमची जबाबदारी संपली."

मी माल परत पाठवला. त्यानंतर त्यांचं काम आलं नाही, महिन्याला साठ-सत्तर हजारांचं काम गेलं. त्या पिना दुसऱ्या कुणी तरी केल्या असणार. त्या शेवटी कुठे जाऊन बसल्या हे मला कधीच कळणार नाही.

माझे बाबा तोफखान्यात होते. देवळालीतूनच निवृत्त झाले. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "कुणाला कळवलंस?" मी कुणालाच कळवलं नव्हतं. कुणाला कळवायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. नावानिशी कळवलं तर पुढच्या वर्षी आमच्या शॉपला काम कोण देणार? आणि निनावी पत्रावर दक्षता आयोग कारवाई करत नाही, असा त्यांचा नियमच आहे.

मग वाचायला लागले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा तिथल्या ठेकेदारांनी हेच केलं. जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून, दाबून केलेल्या कापडाचे गणवेश सैनिकांना दिले. पहिल्या पावसात ते अंगावरच सुटले. त्या कापडाला 'शॉडी' म्हणायचे, आणि निकृष्ट मालाला इंग्रजीत आजही तोच शब्द आहे. २ मार्च १८६३ ला लिंकननं कायद्यावर सही केली. सरकारला खोटं बिल लावलं तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई, शिवाय प्रत्येक खोट्या बिलाला दोन हजार डॉलर दंड. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते कलम असं, की ज्याला ही लबाडी ठाऊक आहे असा कोणीही नागरिक सरकारच्या वतीनं स्वतः दावा लावू शकतो, आणि वसुलीतला अर्धा वाटा त्याचा. १९४३ मध्ये हा कायदा पातळ केला गेला, १९८६ मध्ये पुन्हा कडक झाला. आता भरपाई तिप्पट आहे आणि सांगणाऱ्याचा वाटा साधारण पंधरा ते तीस टक्के.

तो कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं की खोटा माल सगळ्यात आधी तो करणाऱ्याला, तपासणाऱ्याला, गोदामात मोजून घेणाऱ्याला दिसतो. आमच्या फिटरकाकांना दिसला तसा. दिल्लीतल्या ऑडिटरला तो दिसेपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात. आपल्याकडे फिटरकाकांच्या हातात काय आहे? इथे कुणाला कायद्याची, लष्करी खरेदीची माहिती असेल तर सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

तोफखाना_देवळाली
शनिवार, रात्री ११:०२

पोरी, माल परत पाठवलास हे मोठं काम केलंस. तुझ्या वडिलांना माझा जयहिंद सांग. कदाचित ओळखतही असू आम्ही.

मी गनर. मला टीसी, हीट नंबर यातलं काही कळत नाही आणि लढाईत कळून उपयोगही नाही. गोळा हातात येतो, फ्यूज लावायचा, लोड करायचा. त्या वेळी तुम्ही पूर्ण भरवशावर असता. ज्यानं केला त्यानं नीट केला असेल, ज्यानं पास केला त्यानं बघून केला असेल. या भरवशाशिवाय तोफेजवळ माणूस उभाच राहू शकणार नाही.

बोफोर्सबद्दल लिहितो, कारण ते मी जवळून बघितलंय. करार मार्च १९८६ चा, ४१० तोफा. दलालीची बातमी एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं फोडली. तोफ एक नंबर होती. कारगिलला आम्ही ती थेट नेम धरून डोंगरावरच्या बंकरांवर चालवली, तिच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. पण त्या भानगडीनंतर तोफा विकत घ्यायची सहीच कुणी करेना. ९ नोव्हेंबर २०१८ ला आमच्या देवळालीत के-९ वज्र आणि एम-७७७ या नव्या तोफा फौजेत दाखल झाल्या, तो समारंभ मी बघितला. बोफोर्सनंतर बाहेरून घेतलेली पहिली मोठी तोफ यायला तीस वर्षं लागली. मधल्या काळात एवढी कोर्टकचेरी झाली, लाच खाल्ल्याबद्दल शेवटी एकालाही शिक्षा नाही. म्हणजे शिक्षा झाली ती तोफखान्याला. जुन्याच तोफांवर आमच्या दोन पिढ्या तयार झाल्या.

तेव्हा जबाबदारी ठरवा म्हणताना कोणावर ठरवायची ते नीट बघा एवढंच म्हणणं. ज्यानं लबाडी केली त्याच्या खिशातून आणि त्याच्याच मानेवरून.

---

अभिषेक_कॉलेजरोड
शनिवार, रात्री ११:४०

ताई, तुमचा अनुभव वाचून अस्वस्थ झालो. पण अमेरिकेचं उदाहरण आदर्श म्हणून ठेवायला माझी हरकत आहे. कायदा असूनही इराक आणि अफगाणिस्तानात काय झालं बघा. त्यांच्याच संसदेनं नेमलेल्या युद्धकालीन ठेका आयोगानं २०११ मध्ये अहवाल दिला की उधळपट्टी आणि फसवणुकीत ३१ ते ६० अब्ज डॉलर गेले.

कस्टर बॅटल्स म्हणून कंपनी होती, बगदाद विमानतळाच्या सुरक्षेचा ठेका होता तिच्याकडे. त्यांचाच एक तक्ता बैठकीनंतर टेबलावर राहून गेला आणि त्यात खरा खर्च वेगळा, सरकारला लावलेला वेगळा, असे शेजारी-शेजारी रकाने होते. २००६ मध्ये ज्यूरीनं एक कोटी डॉलर भरायला सांगितले. न्यायाधीशानं तो निर्णय फिरवला, कारण काय तर पैसे इराकमधल्या हंगामी प्रशासनाचे होते, ते अमेरिकी सरकार धरता येत नाही! वरच्या कोर्टानं ते चूक ठरवेपर्यंत २००९ उजाडलं.

आणि २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, केबीआर कंपनीचा. त्यांच्याकडे १९४२ पासून कायदा आहे की युद्ध चालू असताना फसवणुकीच्या खटल्याची मुदत थांबते. तर्क बरोबर आहे, गोळीबारात पुरावे कोण गोळा करणार? पण कोर्टानं सांगितलं की ही सवलत फक्त फौजदारी गुन्ह्यांना, भरपाईच्या दाव्यांना नाही. म्हणजे युद्धात लुटा आणि मुदत संपेपर्यंत थांबा.

---

अंबडची_मशिनवाली
रविवार, सकाळी ७:२०

अभिषेक, हे सगळं खरं आहे. पण ती कस्टर बॅटल्सची केस कोर्टात आणली कुणी? तिथल्याच आतल्या माणसांनी, याच कायद्याखाली. आपल्याकडे असा तक्ता एखाद्या स्टोअरकीपरच्या हाती लागला तर तो काय करेल, सांगा.

अजून एक बघा. अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याला अन्नपाणी पुरवणाऱ्या सुप्रीम फूडसर्व्हिसनं किमती फुगवल्या. डिसेंबर २०१४ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि दंड-भरपाई मिळून ४३ कोटी डॉलरच्या वर भरले. त्याची तक्रार कंपनीतल्याच एका माजी अधिकाऱ्यानं केली होती आणि त्याला वाटा मिळाला. कायद्यात भोकं आहेतच, पण भोकं पडायला आधी कायदा तरी हवा.

---

सिडकोची_स्मिता
रविवार, सकाळी ८:०५

माझे मिस्टर सध्या बॉर्डरवर आहेत, कुठे ते लिहीत नाही. ताईंची पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागली नाही. त्यांच्या गाडीत, त्यांच्या गनमध्ये अशी किती बारीक-बारीक पिना असतील? सुट्टीवर आले की त्यांच्या बुटाचा तळ मी नेहमी बघते. आता त्या तळाकडेही वेगळ्या नजरेनं बघेन.

फिटरकाकांना माझा नमस्कार सांगा. मनापासून.

---

वकील_गंगापूररोड
रविवार, सकाळी १०:३०

कायद्याचं विचारलंय म्हणून लिहितो.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्याकडे मुदतीचं बंधन नाही, त्यामुळे अभिषेकनं सांगितलेली अडचण फौजदारी बाजूनं येत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, लाच देणारी कंपनी आता स्वतः आरोपी होऊ शकते. मोठ्या संरक्षण करारांत सचोटी करार असतो, म्हणजे लाच देणार-घेणार नाही अशी लेखी हमी. काळ्या यादीचा अधिकार आहे. २०१२ मध्ये सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी घातली होती, त्यातल्या चार परदेशी, दोन भारतीय.

मला विचाराल तर आपली सगळी मदार काळ्या यादीवर आहे आणि तिथेच गाडी अडते. कंपनीवर बंदी आली की तिचे सुटे भाग, तिचा दारूगोळा, सगळंच थांबतं आणि त्रास फौजेला. तोफखाना काकांनी वर तेच लिहिलंय. शिवाय बंदीनं सरकारच्या तिजोरीत रुपया परत येत नाही. १८६३ च्या त्या कायद्याचा भर वसुलीवर आहे, हा मोठा फरक. कंपनी चालू राहते, पण तिप्पट भरून.

दुसरी गोष्ट, माहिती देणाऱ्याची. सत्येंद्र दुबे आठवतात? सुवर्ण चतुष्कोण रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिणारा इंजिनिअर. नाव गुप्त ठेवा म्हणाला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत गोळ्या घालून मारला. त्यानंतर २००४ मध्ये सरकारनं तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्याचा एक ठराव काढला, त्याला पीआयडीपीआय म्हणतात, आणि पुढे २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेनं मंजूर केला. राष्ट्रपतींची सही झाली. तो अमलात आणायची अधिसूचनाच आजवर निघालेली नाही. ठरावावरच काम चाललंय.

आणि वाटा म्हणाल तर कस्टम्समध्ये माहिती देणाऱ्याला वीस टक्क्यांपर्यंत बक्षीस आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. इन्कम टॅक्समध्येही योजना आहे. तस्करीचं सोनं पकडून देणाऱ्याला बक्षीस मिळतं, फौजेचा खोटा माल पकडून देणाऱ्याला नाही. याचं समर्थन मला कुणी अजून करून दाखवलेलं नाही.

---

ओझर_क्यूसी_निवृत्त
रविवार, दुपारी १२:५०

मी आयुष्य क्वालिटीत काढलं. विमानाच्या भागांवर शिक्का मारायचं काम. म्हणून जरा दुसरी बाजू मांडतो, रागावू नका.

प्रत्येक रिजेक्ट झालेला माल म्हणजे फसवणूक नव्हे. आपल्या सातपूर-अंबडचे छोटे व्हेंडर एल-वनच्या स्पर्धेत पिचलेले असतात, सगळ्यात कमी दर भरला तरच काम, पेमेंट सहा-सहा महिने अडकलेलं. एखाद्याच्या बोअरचं माप दोन शतांशानं चुकतं. तो माणूस आमच्याकडे यायचा आणि सांगायचा, साहेब चुकलंय, कन्सेशन (चूक मान्य करून माल घ्यायची परवानगी) मिळेल का? आम्ही डिझाइनवाल्यांना विचारायचो. कधी मिळायचं, कधी माल भंगारात. यात लपवाछपवी नाही. कन्सेशन मागणारा माणूस प्रामाणिक. कागद बदलणारा माणूस चोर. कायदा करताना ही रेघ स्पष्ट आखली नाही तर चुका कबूल करणारेच आधी मरतील आणि कागद बनवणारे पास होतील.

ताईंच्या व्हेंडरचं प्रकरण मात्र या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे ते उघड आहे. हीट नंबर वेगळ्या टायपात आपोआप येत नाही.

अशीच एक गोष्ट तोफखान्याच्या जिव्हाळ्याची. धनुष तोफ, बोफोर्सच्या ड्रॉइंगवरून जबलपूरला बनते ती. २०१७ मध्ये सीबीआयनं दिल्लीच्या एका पुरवठादारावर आणि गन कॅरेज फॅक्टरीतल्या अनोळखी अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. आरोप असा की चिनी बेअरिंगवर 'मेड इन जर्मनी' टाकून ती धनुषसाठी दिली. रक्कम किती? दहा बेअरिंग, नव्वद लाखांच्या आत. तोफेच्या एकूण किमतीपुढे काहीच नाही. पण गन फिरते ती त्या बेअरिंगवर. मोठ्या दलालीच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. माणूस मरतो तो अशा छोट्या सुट्या भागानं.

---

पंचवटीचा_इतिहासवेडा
रविवार, दुपारी ३:१५

थोडं मागे जातो. सीबीआयचा जन्म कशातून झाला माहीत आहे? दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात युद्धखात्याची आणि पुरवठाखात्याची अफाट खरेदी चालू होती, ठेकेदार आणि कारकून मिळून लूट करत होते. ती रोखायला १९४१ मध्ये स्पेशल पोलीस एस्टॅब्लिशमेंट काढलं, युद्धखात्याच्याच हाताखाली. १९४६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि १९६३ मध्ये त्याचंच सीबीआय झालं. म्हणजे आपली सगळ्यात मोठी तपास यंत्रणा मुळात याच एका कामासाठी जन्माला आली.

तिकडे अमेरिकेत त्याच साली, मार्च १९४१ मध्ये, युद्धाच्या ठेक्यांची तपासणी करायला ट्रुमन समिती बसली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ट्रुमन तेव्हा साधे सिनेटर. या समितीचं मला विशेष वाटतं ते असं की तिनं युद्ध संपायची वाट पाहिली नाही. लढाई चालू असतानाच कारखान्यांत जाऊन तपासलं. १९४३ मध्ये ओहायोतल्या कर्टिस-राइटच्या कारखान्यात सदोष विमान इंजिनं खोट्या तपासणी अहवालांवर पास होत असल्याचं त्यांनी बाहेर काढलं, आणि त्यात सैन्याचे तपासनीसही सामील होते. 'लढाई चालू आहे, माल अडवू नका' या वाक्याला ट्रुमन समितीनं दिलेलं हे उत्तर.

आपल्याकडे उलट. १९४८ ला काश्मीरची लढाई चालू असताना लंडनहून जीप मागवल्या, सुमारे ८० लाखांचा करार. १५५ आल्या, त्या वापरायच्या लायकीच्या नव्हत्या. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं. कारगिलच्या वेळची तातडीची खरेदी, तिच्यावर कॅगचा अहवाल २००१ चा: दोन हजार कोटींच्या वर खरेदी आणि त्यातला बहुतेक माल लढाई संपल्यावर आला. शवपेट्यांचं प्रकरण त्यातलंच. सीबीआयचं आरोपपत्र २००९ मध्ये, आणि डिसेंबर २०१३ मध्ये विशेष न्यायालयानं पुराव्याअभावी आरोपींना मुक्त केलं. त्यांच्यावर दोष सिद्ध झाला नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण चौदा वर्षं हा विषय शहिदांच्या घरच्यांनी पेपरात वाचला, याचं काय?

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीला लिहिलेलं पत्र शाळेत वाचलं असेल. पावसाळ्याच्या बेगमीचं दाणागवत जपून वापरा, आत्ताच उधळलंत तर पुढे घोडी मरतील, तुम्ही रयतेकडून ओरबाडायला लागाल आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरा. फौजेच्या कोठारातली गळती शेवटी कुणाच्या अंगावर येते, हे त्यात सरळ लिहिलंय.

---

अभिषेक_कॉलेजरोड
रविवार, रात्री ९:१०

क्यूसी काकांचा कन्सेशनचा मुद्दा पटला. पण एक शंका राहतेच. वाटा मिळतो म्हटल्यावर धंद्यातले प्रतिस्पर्धी एकमेकांवर खोटे दावे लावणार नाहीत का? टेंडर हरला की लावा दावा. आपल्याकडे कोर्टात आधीच काय कमी गर्दी आहे?

---

वकील_गंगापूररोड
रविवार, रात्री ९:४५

रास्त शंका. तिकडे यासाठी सोय अशी: दावा आधी सीलबंद दाखल होतो, किमान साठ दिवस. समोरच्या कंपनीलाही कळत नाही, पेपरात येत नाही. सरकारी वकील तपासतात. दम असला तर सरकार स्वतः दाव्यात उतरतं. यानं दोन गोष्टी होतात, निरपराध कंपनीची बदनामी टळते आणि सांगणाऱ्याला थोडी उसंत मिळते. आपल्याकडे कायदा झालाच तर हे सीलबंद कलम पहिल्या दिवसापासून हवं.

मशिनवाली ताई, तुम्हाला थेट सांगतो. तो माल सरकारी तपासणीतून पास होऊन गेला असेल तर पास करणाऱ्याचीही चौकशी होऊ शकते, म्हणून पीआयडीपीआयचा मार्ग तुम्हाला वापरता येईल. केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे बंद पाकीट, वर ठळक 'पीआयडीपीआय' लिहायचं. पाकिटावर स्वतःचं नाव-पत्ता टाकायचा नाही. नाव आत पत्रात मात्र लागतंच, ते गुप्त ठेवणं आयोगावर बंधनकारक आहे. पोच येत नाही, त्याची वाट बघू नका. टीसीची झेरॉक्स, व्हेंडरचं माल पाठवल्याचं चलन, रॉकवेलचे आकडे, तारखा, जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा. अंदाज लिहू नका. आणि इथे धाग्यावर व्हेंडरचं नाव अजिबात टाकू नका.

---

अंबडची_मशिनवाली
रविवार, रात्री ११:३०

नाव टाकणार नाही, सुरुवातीपासून तेच ठरवलंय.

सगळ्यांचे आभार मानते. क्यूसी काका, कन्सेशन मागणारा आणि कागद बदलणारा, हे तुम्ही लिहिलंत ते मी उद्या शॉपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. आमच्याही हातून मापं चुकतात. पोरं घाबरून लपवायला बघतात. त्यांना हे कळायला हवं.

चलन सापडलं. टीसीची प्रत मालासोबत परत गेली होती, पण मी तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. हीट नंबर नीट वाचता येतोय.

---

तोफखाना_देवळाली
सोमवार, पहाटे ५:५०

पोरी, पत्र लिहिताना रँकवाल्या भाषेत लिहू नकोस. फिटर काय म्हणाला, ठिणगी कशी दिसली, तेही घाल. वाचणारा माणूसच असतो.

---

अंबडची_मशिनवाली
पुढचा रविवार, सायंकाळी ६:४०

पत्र गेलं. साडेतीन पानं झालं. फिटरकाकांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मी 'ठिणगी मोठी होती' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, मोठी नाही, फुटत होती, फांद्या फुटाव्यात तशी. ते बदललं. साक्षीदार म्हणून माझंही नाव घाला म्हणाले. मी दोनदा विचारलं, घाला म्हणाले.

पोस्टात बाबा सोबत आले होते. पाकीट त्यांनी हातात घेऊन एकदा चाचपून बघितलं आणि खिडकीत दिलं.

कापलेल्या पिनेचे दोन तुकडे होते. एक तेलकागदात गुंडाळून शॉपच्या कपाटात कुलपात ठेवलाय, चौकशीला कुणी आलं तर दाखवायला. दुसरा बाबांनी मागून घेतला. त्यांच्या टेबलावर आहे, कापलेली बाजू वर करून. कडेचं कडक वर्तुळ आणि आतला मऊ भाग साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्यांनी विचारलं तेव्हा मी नखानं दाखवलं, इथून इथपर्यंत.